अस्तर

कोपरखैरणे, सेक्टर पाच, जिन्याखालचं दुकान:
हेंद्रे टेलर्स. आल्टर करून मिळेल.
तिथं बसून मी सव्वीस वर्षं लोकांच्या छात्या मोजल्या.
नियम एकच, आधी श्वास सोडा, मग टेप.

माझी अडतीस होती.
मग चाळीस झाली, मग साडेएक्केचाळीस,
आणि दंड मात्र काटक्या, पँट कमरेवरून घसरती.
इंदुमती म्हणाली, छाती फुगलीय तुमची,
कशाचा एवढा ताठा?
मी हसलो.
हसण्यानंच धाप लागली.

नेरूळच्या हॉस्पिटलात एका पोरीनं तोंडात नळी दिली.
फुंका काका, फुंका फुंका फुंका, अजून, अजून, अजून,
जणू समोर कुठली मेणबत्ती होती
आणि ती विझायला तयार नव्हती.
मग सहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये चाला.
एकशे ऐंशी मीटर, तिनं लिहून घेतलं.
भिंतीला टेकून मी हिशेब केला:
ऐंशी शर्ट निघतात एवढ्यात, पूर्ण बाह्यांचे.

डॉक्टर परकार, तस्नीम नाव, माझ्या हर्षलाच्या वयाची.
फिल्म उजेडावर लावून म्हणाली,
वरचा भाग बघा, सगळी वीण विरलीय.
विडी?
विडी. आणि त्याआधी अकरा वर्षं तुर्भ्याला,
रंगाच्या पावडरीची पोती,
तोंडाला रुमाल, तोही आठवला तर.
हवा आत जाते, तिनं समजावलं,
पण बाहेर ढकलायला ताण उरलेला नाही.
मी म्हणालो, इलॅस्टिक गेलंय.
ती पेन ठेवून माझ्याकडे बघत राहिली.
अगदी तेच, म्हणाली.

एक झडप असते, गळ्यातून सोडतात, एकीकडेच उघडते.
पण माझ्या आतला पडदा अर्धवट,
ती लागू पडणार नव्हती.
दुसऱ्या कुणाचं फुप्फुस,
त्याची यादी लांब आणि माझं वय चौसष्ट.
नाहीतर कापायचं.
वरचं ढिलं काढून टाकायचं, दोन्ही बाजूंनी,
म्हणजे खालच्याला पसरायला जागा.

हर्षला चिडली. ज्याला श्वास पुरत नाही
त्याचंच फुप्फुस कमी करणार?
मला मात्र त्यात काही नवल वाटलं नाही.
मला वेगळीच काळजी.
विरल्या कापडावर टाका धरत नाही, डॉक्टर,
ओढला की फाटतं.
खाली पट्टी घेतो आम्ही.
म्हणजे अस्तर?
हो. अस्तरच.

विडी सोडायला सात महिने गेले.
त्यातले पहिले दोन खोटे होते.

फॉर्मवर सहीसाठी ठिपक्यांची ओळ होती,
कच्चा टाका घालतात तशी.
शंभरात काही जण उठत नाहीत, हेही तिनं सांगितलं,
आकड्यासकट. आकडा मी घरी सांगितला नाही.

मग छातीतून नळी, नळीखाली बाटली,
बाटलीत पाणी, पाण्यात बुडबुडे.
शिवण झिरपतेय, मला न सांगता कळलं.
इंदुमती रात्री बुडबुडे मोजायची,
डुलकी लागली की पुन्हा एकपासून.
दहाव्या रात्री तिनं मला हलवून उठवलं:
अहो, पाणी गप्प आहे.

बरा झालो नाही. तसं कुणी म्हटलंही नव्हतं.
दुसरा मजला पाच थांब्यांचा होता, आता दोनाचा.
कारखान्यांकडून तो गोडसर वास आला
की खिडकी लावून घेतो.
साडेएक्केचाळीसचा शर्ट उसवून आत घेतला,
शिवणीत इंचभर माया ठेवली,
कुणास ठाऊक.

सुई ओवताना क्षणभर श्वास धरावा लागतो,
हे धडधाकट माणसाच्या ध्यानातही येत नाही.
तीन वर्षं ते काम इंदुमतीकडे होतं.
काल ती बाजारात गेली तेव्हा
सुई मी उजेडाकडे केली आणि धरला.
दोरा काही गेला नाही. नजर अधू झालीय.
पण धरला होता,
चांगला सहा-सात टाके होतील एवढा.